पाण्याची पातळी आणि सर विश्वेश्वरय्या

कलाशाखेच्या वार्षिकांकात एका अभियंत्याचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आमच्या वर्गातील दोघातिघांनी मला विचारला. प्रश्न गैर नाही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव निघाले की आपल्याला म्हैसूर आठवते, कावेरीवरचे कृष्णराजसागर आठवते, आणि १५ सप्टेंबरला साजरा होणारा अभियंता दिन आठवतो. जालना जिल्ह्याचा त्यांच्याशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, आणि आपल्या भागाचा १९४८ पर्यंतचा इतिहास हा हैदराबाद संस्थानाचा इतिहास आहे. त्या संस्थानाच्या राजधानीत १९०८ साली मुसी नदीने जो हाहाकार केला, त्यानंतर निजाम सरकारने ज्या माणसाला बोलावून घेतले तो हा माणूस. त्याने तेथे काय केले हे वाचीत असताना मला पदोपदी आपली गोदावरी आठवत राहिली.

आपण दुष्काळी मुलखातली माणसे. पाणी नाही हे आपले दुःख. पाणी फार झाले हे आपल्याला कोकणातल्या नाहीतर बंगालातल्या लोकांचे दुःख वाटते. विश्वेश्वरय्यांनी आयुष्यभर ही दोन्ही दुःखे एकाच वहीत मांडली, आणि त्या वहीतले पहिले कलम नेहमी एकच असे: पाणी किती उंचीपर्यंत आले, ते मोजा आणि लिहून ठेवा.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६० साली भारत सरकारने टपाल तिकीट काढले होते, यावरून काळाचा अंदाज यावा. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार, घरची परिस्थिती बेताची. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुढचे शिक्षण बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात झाले, तेही शिकवण्या करून. १८८१ साली ते बी. ए. झाले. म्हणजे हा थोर अभियंता आरंभी आपल्यासारखाच बी. ए. होता, एवढे आमच्या त्या शंकेखोर मित्रांसाठी सांगून ठेवतो. नंतर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले आणि १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. दुसऱ्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांना साहाय्यक अभियंत्याची जागा मिळाली. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी मराठी मुलखात आणि त्याच्या आसपास काढली. म्हैसूरचे विश्वेश्वरय्या घडले ते नाशिक, खानदेश आणि पुणे येथे, असे मला वाटते. पण आपली पाठ्यपुस्तके हा भाग दोन ओळींत उरकतात.

रेल्वेच्या रुळांचा आवाज ऐकून त्यांनी गाडी थांबवल्याची गोष्ट, सरकारी मेणबत्ती आणि खाजगी मेणबत्ती वेगळी ठेवल्याची गोष्ट, या सर्वांना ठाऊक आहेत. त्या इथे सांगत नाही. त्यांनी नद्यांशी जो व्यवहार केला तो या गोष्टींपेक्षा अधिक सुरस आहे.

नोकरीच्या आरंभीच त्यांची गाठ खानदेशातील पांझरा नदीशी पडली. नदीच्या पात्राखालून नळ टाकून कालव्याचे पाणी पलीकडे न्यायचे होते. काम चालू असतानाच पावसाळा सुरू झाला. पाऊस सरेपर्यंत काम थांबवावे असे या तरुण अभियंत्याचे मत पडले. वरिष्ठांना ती टाळाटाळ वाटली. शेवटी त्यांनी पावसातच काम पुरे करून दाखवले आणि वरिष्ठांची मर्जी परत मिळवली. आपल्याकडे नदी आठ महिने वाळूची असते आणि चार महिन्यांत केव्हा काय करील याचा नेम नसतो. ही ओळख त्यांना अशी भर पुरात, नोकरीच्या पहिल्याच वर्षांत झाली. याच पांझरेच्या काठी शेतकऱ्यांची जुनी फड पद्धत होती: बंधाऱ्याचे पाणी सगळ्यांनी ठरवून वाटून घ्यायचे आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे तेही मिळून ठरवायचे. पुढे पुणे विभागात कालव्याच्या पाण्यासाठी विश्वेश्वरय्यांनी जी 'ब्लॉक' पद्धत आणली तीही पीक आणि पाणी यांची सांगड घालणारीच होती.

१८९३ च्या सुमारास त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवण्यात आले. सिंधू नदीचे पाणी गढूळ, आणि नगरपालिकेकडे गाळण्या बांधायला पैसा नाही. तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली आणि वाळूतून झिरपून आलेले पाणी वर घेतले. आपल्याकडे नदीच्या वाळूत झरा उकरून बायका घागरी भरतात, त्याचेच हे मोठे रूप. त्यांनी मोठ्या शहरात नेऊन केलेल्या अनेक गोष्टींचे मूळ असे एखाद्या साध्या निरीक्षणात सापडते.

या काळातले त्यांचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पुढे हैदराबादला त्यांनी जे केले त्याची बीजे इथे आहेत.

पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकात बांधले गेले. पुणे शहराला, खडकीच्या छावणीला आणि कालव्याखालच्या शेतीला त्याचे पाणी मिळे. दर पावसाळ्यात धरण भरले की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई, आणि मोठ्या पुरात सांडव्याच्या माथ्यावर सहा ते आठ फूट पाण्याचा थर चढे. पूर ओसरला की पाणी पुन्हा माथ्याच्या पातळीला येई. म्हणजे ते आठ फूट पाणी दरवर्षी येत होते आणि दरवर्षी हातचे जात होते. उन्हाळ्यात पुण्याला पाण्याची चणचण भासे. सांडव्याच्या माथ्यावर आठ फूट भिंत बांधावी तर पुढचा पूर त्या भिंतीच्याही वर आठ फूट चढणार आणि धरणाच्या जिवावर बेतणार. धरण उंच करावे तर खर्च झेपणार नाही.

यावर त्यांनी काढलेली युक्ती अशी. सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसवले आणि त्यांना समतोल वजने जोडली. आठ फुटांपर्यंत पाणी चढेस्तोवर दरवाजे बंद राहात आणि पाणी अडे. पातळी त्याच्यावर जाऊ लागली की पाण्याच्याच जोराने समतोल बिघडून दरवाजे आपोआप उघडत. पातळी खाली आली की ते आपोआप मिटत. रात्री-अपरात्री पहारेकऱ्याला जाग येण्यावर काही अवलंबून राहात नसे. १९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसले आणि धरणाचा साठा सुमारे चतुर्थांशाने वाढला. धरणाची भिंत होती तेवढीच राहिली. या युक्तीचे पेटंट त्यांनी घेतले, मात्र सरकारकडून त्याचे मानधन घ्यायला नकार दिला. आपण सरकारी नोकर असताना हे काम केले, तेव्हा त्याचे वेगळे पैसे घेणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. पुढे ग्वाल्हेरजवळच्या टिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावर असेच दरवाजे बसवले गेले.

या युक्तीत मला यंत्रापेक्षा विचार मोठा वाटतो. साठवणुकीचे पाणी आणि पुराचे पाणी यांच्यामध्ये त्यांनी फुटांत मोजता येईल अशी रेघ ओढली. रेघेच्या खालचे पाणी आपले, वरचे नदीचे. ती रेघ कोठे ओढायची हे त्यांनी अंदाजाने ठरवले नव्हते. त्यामागे कितीतरी पावसाळ्यांत सांडव्यावर पाणी किती चढले याच्या नोंदी होत्या. कोणी तरी दर पावसाळ्यात पट्टीवरचा आकडा पाहून वहीत लिहीत होता, म्हणून हे साधले. त्या लिहिणाऱ्याचे नाव इतिहासात नाही.

१९०८ साली विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. अधीक्षक अभियंत्याच्या पदापर्यंत ते पोहोचले होते, परंतु मुख्य अभियंत्याची खुर्ची त्या काळी हिंदी माणसाला मिळणे दुरापास्त होते. नोकरी सोडून ते परदेशच्या प्रवासाला निघाले. ते युरोपात असतानाच हैदराबादहून बोलावणे गेले.

आता त्या पुराकडे वळतो.

मुसी ही कृष्णेची उपनदी. हैदराबाद शहर तिच्या दोन्ही काठांवर वसलेले. शहराच्या थोडे वर तिला इसी नदी मिळते. एरवी ही नदी म्हणजे वाळूतून वाहणारा एक ओहोळ. जालना शहरातून जाणारी आपली कुंडलिका उन्हाळ्यात जशी दिसते तशी. त्यामुळे लोकांची घरे पात्राला खेटून होती. सप्टेंबर १९०८ च्या अखेरीस त्या भागात अघोरी पाऊस झाला. शमशाबाद येथे २८ सप्टेंबरच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत १२.८ इंच, आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस मोजला गेला. एक इंच पाऊस एका चौरस मैलावर पडला तर ते पाणी तेवीस लाख घनफुटांहून अधिक भरते. मुसीचे शहरावरचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८६० चौरस मैलांचे. सगळीकडे सारखा पाऊस पडला नसेल हे धरूनही हिशेब करताना छाती दडपते.

त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती आपण मराठवाड्यातल्या लोकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. या पाणलोटात ७८८ तलाव होते, म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक. शेकडो वर्षांत राजांनी, जहागीरदारांनी आणि गावकऱ्यांनी दुष्काळावर तोडगा म्हणून ते बांधले होते. त्यांपैकी २२१ तलाव त्या पावसात फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर येऊन आदळे आणि तोही फुटे. दुष्काळासाठी साठवलेले पाणी पुराच्या पाण्याला मिळाले. वरच्या गावी तलाव फुटला हे खालच्या शहराला कळवणारे कोणी नव्हते.

२८ सप्टेंबरच्या पहाटे पाणी शहरात शिरले. अफजलगंज, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे तीन पूल वाहून गेले. कुतुबशाही काळातला जुना पूल तेवढा टिकला. कोलसावाडीसारख्या वस्त्या नाहीशा झाल्या. सुमारे एकोणीस हजार घरे पडली. मृतांचा आकडा साधारणपणे पंधरा हजार सांगितला जातो. अफजलगंजच्या दवाखान्याच्या बागेतील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. उर्दूतील प्रसिद्ध रुबाईकार अमजद हैदराबादी तेव्हा तरुण होते. त्यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या पाण्यात गेली. ते एकटे वाचले. आपल्याकडे उर्दू घेतलेल्या विद्यार्थ्यांना हे नाव परिचित असेल. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी आपल्या वाड्यांचे दरवाजे निराश्रितांसाठी उघडले.

आपल्या जालन्यावरून मनमाड-हैदराबाद रेल्वे जाऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. त्या गाडीने आलेल्या बातम्या आपल्या बाजारपेठेत काय ऐकू आल्या असतील, याची मी कितीदा तरी कल्पना केली आहे. राजधानीत गेलेला व्यापारी, कचेरीच्या कामाला गेलेला वकील परत येतो की नाही, याची वाट पाहणारी घरे इथेही असतील.

विश्वेश्वरय्या १९०९ च्या एप्रिलमध्ये हैदराबादला रुजू झाले. त्यांच्यापुढे दोन कामे होती: शहराची पुन्हा मांडणी करणे, आणि असा पूर पुन्हा शहरात शिरणार नाही याची तजवीज करणे. लोकांना यात देवाचा कोप दिसत होता. नदीकाठी उंच भिंती बांधून मोकळे व्हावे असाही एक सोपा मार्ग होता. विश्वेश्वरय्यांनी आधी मोजणी सुरू केली. पूर ओसरल्यावर भिंतींवर, देवळांवर, मशिदींवर पाण्याची खूण राहते. ती खूण किती उंच आहे, पात्राची रुंदी आणि उतार किती, यांवरून त्या वेळी नदीतून दर सेकंदाला किती पाणी गेले असेल ते काढता येते. हिशेब निघाला तो दर सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफुटांचा. फुटलेल्या तलावांची मोजदाद झाली. कोठे किती पाऊस पडला याचे आकडे एकत्र केले गेले.

माझे आजोळ घनसावंगी तालुक्यात, गोदाकाठचे. तिथे आजही पूर मोजायचा तो घाटाच्या पायऱ्यांनी आणि महादेवाच्या देवळाच्या उंबऱ्याने. नंदीपर्यंत पाणी आले की खालच्या आळीने सामान बांधायचे, हा तिथला अलिखित नियम. आजीला कोणत्या साली पाणी कुठवर आले ते तोंडपाठ होते. ती गेली आणि ते आकडेही गेले. विश्वेश्वरय्यांनी हैदराबादला जे केले ते आजीच्या हिशेबाहून जातीने वेगळे नाही. फरक इतकाच की त्यांनी नंदीची उंची फुटांत लिहून ठेवली आणि तिच्यावरून पुढच्या पुराचा अंदाज बांधला.

१९०९ च्या ऑक्टोबरात त्यांनी अहवाल दिला. शहराच्या वर काही मैलांवर मुसी आणि इसी या दोन्ही नद्यांवर एकेक धरण बांधावे, पूर तिथेच अडवावा, आणि शहराला झेपेल एवढेच पाणी बेताबेताने खाली सोडावे, ही त्यातली मुख्य सूचना होती. जोडीला नदीचे काठ बांधून काढणे, काठावर बागा व रस्ते करणे आणि शहरात भुयारी गटारे बांधणे हेही होते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात या सूचना अमलात आल्या. मुसीवरचे उस्मानसागर १९२० साली पुरे झाले, आणि इसीवरचे हिमायतसागर १९२७ साली.

इथे एक मोठी मेख आहे. पूर अडवायचा तर धरणात जागा रिकामी हवी. प्यायला पाणी हवे तर धरण भरलेले हवे. एकच धरण दोन्ही कामांना लावले की पावसाळ्याच्या अखेरीस या दोन गरजा समोरासमोर येतात. सप्टेंबरात धरण काठोकाठ भरलेले असावे असे तहानलेल्या शहराला वाटते, आणि १९०८ चा पूर आला तो २८ सप्टेंबरला! उस्मानसागर व हिमायतसागर मुळात पुरासाठी सुचवले गेले. पुढे त्यांच्यावर शहराचा पाणीपुरवठा अवलंबून राहू लागला, आणि त्यांतली रिकामी जागा साहजिकच लोकांना डोळ्यांत खुपू लागली. खडकवासल्याला त्यांनी ओढलेली ती रेघ पाळायला हैदराबादेत अधिक कठीण गेली, कारण तेथे दरवाजे आपोआप उघडण्याचा प्रश्न नव्हता. माणसांनी आधीच पाणी सोडून जागा करून ठेवायची होती.

हे सारे परक्या गावचे वाटत असेल तर जायकवाडीकडे पाहावे. पैठणचे हे धरण १९७६ साली पुरे झाले. त्याला सत्तावीस दरवाजे आहेत आणि त्याची पूर्ण भरण्याची पातळी १५२२ फूट. आपल्या जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांची दक्षिण सीमा म्हणजे त्याच्याच खालची गोदावरी. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर पाण्यासाठी किती तळमळले ते आमच्या पिढीने लहानपणी घरातल्या भांड्यांच्या रांगांत पाहिले. अशा लोकांना ऑगस्टमध्ये धरणाची थोडी जागा रिकामी ठेवा असे सांगणे किती अवघड! तरी २००६ च्या ऑगस्टमध्ये याच धरणातून सोडलेल्या पाण्याने पैठण शहरात पूर आला आणि खालच्या गावांना हलवावे लागले. २०२५ च्या सप्टेंबरअखेर पुन्हा तोच प्रसंग आला. गोदाकाठच्या माणसांनी शाळांत आणि मंदिरांत आसरा घेतला, उभी पिके पाण्याखाली गेली. दरवाजा किती फूट उघडला, किती विसर्ग सुटला, शहागडला ते पाणी केव्हा पोहोचेल, पुढे पाथरी तालुक्यातील ढालेगावच्या मापनकेंद्रावर पातळी किती झाली, हे आकडे त्या दिवसांत ज्यांनी डोळ्यांत तेल घालून वाचले त्यांना विश्वेश्वरय्यांचे महत्त्व मी सांगायला नको. १९०८ ला मुसीकाठी नेमके हेच आकडे कोणाजवळ नव्हते.

हैदराबादचे काम आटोपून १९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ साली दिवाण. हा त्यांच्या आयुष्याचा सर्वांना ठाऊक असलेला भाग. १९११ मध्ये कृष्णराजसागराचे काम सुरू झाले, १९१३ मध्ये म्हैसूर बँक निघाली, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ. १९१५ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. १९१८ साली त्यांनी दिवाणपद सोडले. त्यामागचे एक कारण सांगायला हवे, नाहीतर चरित्र लिहिण्याऐवजी आरती लिहिल्यासारखे होईल. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना जागा राखून ठेवाव्यात अशी मागणी त्या वेळी म्हैसुरात जोर धरीत होती आणि तिचा विचार करण्यासाठी महाराजांनी मिलर समिती नेमली. गुणवत्ता हाच एक निकष असावा या मताला चिकटून विश्वेश्वरय्यांनी विरोध केला. स्वतः कष्टाने वर आलेल्या माणसाला तसे वाटणे मी समजू शकतो, पण पटवून घेऊ शकत नाही. नदीचा पूर आज दिसतो तेथून मोजून भागत नाही, वरचे सगळे पाणलोट पाहावे लागते, हे ज्यांना पक्के ठाऊक होते त्यांनी समाजाच्या बाबतीत फक्त परीक्षेच्या दिवशीची पातळी पाहिली.

दिवाणपद सुटल्यावरही त्यांना विसावा नव्हता. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, नियोजित अर्थव्यवस्थेवरचे १९३४ चे पुस्तक, निरनिराळ्या समित्या हे सारे चालूच होते. मात्र माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १९३७ सालचा ओरिसाचा प्रवास. महानदीच्या पुराने तेथील किनाऱ्याकडचा मुलूख वारंवार बुडत असे. कटकच्या पुढे महानदीला अनेक फाटे फुटतात आणि ते सपाट जमिनीतून समुद्राकडे जातात. जमिनीला उतार जवळजवळ नाही; समुद्राला भरती असली की नदीचे पाणी आणखी तुंबते. लोकांनी फाट्यांच्या काठाने बांध घातलेले. एका बाजूचा बांध उंच केला की पाणी दुसऱ्या बाजूला. १९३७ च्या मोठ्या पुरानंतर महात्मा गांधींच्या सूचनेवरून विश्वेश्वरय्यांना तेथे बोलावण्यात आले. तेव्हा त्यांचे वय सत्त्याहत्तरच्या घरात होते.

या वेळी तयार योजना खिशात घेऊन ते गेले नाहीत, हे मला विशेष वाटते. हैदराबादच्या कीर्तीच्या बळावर दोन धरणांच्या जागा दाखवून परत येणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी आपल्या अहवालांत भर दिला तो पाहणीवर: नदी आणि तिच्या फाट्यांची नीट मोजणी व्हावी, पाऊस आणि पातळी यांचे आकडे गोळा व्हावेत, जाणत्या अभियंत्यांकडे हे काम सोपवावे. बांधांवर बांध चढवीत बसण्याऐवजी वरच्या अंगाला जलाशय करण्याचा विचार व्हावा, ही दिशाही त्यांनी दाखवली. पुढे महानदीवर हिराकूड धरण झाले, ते १९५७ साली देशाला अर्पण करण्यात आले. त्याचे श्रेय अनेकांचे आहे. त्यांत या म्हाताऱ्या माणसाने त्या किनाऱ्यावर केलेल्या पायपिटीचाही वाटा आहे.

१९५५ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. नव्वदी उलटल्यावरही ते बिहारमध्ये मोकामा येथे गंगेवरच्या पुलाची जागा पाहायला गेले होते. राहणी शेवटपर्यंत टापटिपीची, फेटा आणि कोट नीटनेटका, वेळेच्या बाबतीत कोणाची गय नाही. स्वभावात थोडी कोरड होती असे त्यांच्याविषयीचे लेखन वाचून वाटते. गप्पागोष्टींत रमणारा हा माणूस नव्हे. पाणलोटाचे चौरस मैल आणि सांडव्याचे फूट यांतच त्याला रस होता.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्यावर संकट कोसळले. पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्याचा लोंढा खाली खडकवासल्यावर आला आणि ते जुने धरणही टिकले नाही. ज्या धरणावर त्यांनी तरुणपणी दरवाजे बसवले होते ते धरण वरच्या धरणाच्या पाण्याने गेले. मुसीच्या खोऱ्यातील ते २२१ तलाव ज्या क्रमाने फुटले होते त्याच क्रमाने. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी तरी पुण्याला शिकलेले आहे. ओंकारेश्वराजवळ, डेक्कनवर पाणी किती चढले होते ते त्यांच्याकडून ऐकायला मिळते. विश्वेश्वरय्या त्या वेळी बंगळूरला होते, वयाची शंभर वर्षे पुरी केलेले. नऊ महिन्यांनी, १९६२ च्या एप्रिलमध्ये, त्यांचे तेथे निधन झाले. त्यांचे स्मारक मुद्देनहळ्ळीला आहे. अफजलगंजचे ते चिंचेचे झाड हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे.